चिलापीचं बिऱ्हाड तोंडात

पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणला थांबणाऱ्या माणसांच्या दोन जाती आहेत. पहिली हिवाळ्यात येते. पहाटे अंधारात उठून, मातकट रंगाचे कपडे चढवून, गळ्यात दुर्बीण आणि खांद्याला न पेलणारी लेन्स अडकवून ती फ्लेमिंगो बघायला येते. दुसरी बारा महिने येते, दुपारी एकच्या सुमारास, नुसती भूक घेऊन. उजनीच्या पाण्यावर काय उतरलंय याची पहिलीला काळजी, त्या पाण्यातून काय वर आलंय याची दुसरीला. परत जाताना पहिलीकडे चारशे फोटो असतात आणि दुसरीच्या शर्टावर रश्शाचे डाग. मी कुठल्या जातीचा हे माझ्या शर्टाकडे बघून कुणीही सांगेल.

वर्तमानपत्रांना मात्र पहिल्या जातीचं कौतुक. थंडी पडली की 'परदेशी पाहुण्यांचे आगमन' हा मथळा ठरलेला. त्या पाहुण्यांतले बरेचसे खरं तर कच्छमधून आलेले असतात. पण गुलाबी पंख आणि लांब पाय असले की आधार कार्ड कोण मागतो? त्याच पाण्यात, त्याच पाहुण्यांच्या पायाशी, एक अस्सल परदेशी बाई राहते. माहेर थेट आफ्रिकेतलं. तिच्या आगमनाला मथळा मिळाला नाही. मिळाला तो 'देशी मासे धोक्यात' असा, आणि बातमीत आरोपी म्हणून नाव होतं तिचं, म्हणजे चिलापीचं.

शास्त्रीय नाव ओरिओक्रोमिस मोझांबिकस. 1852 साली विल्हेल्म पीटर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने तिची रीतसर नोंद केली. झांबेझीचं खालचं खोरं, लिंपोपो, आणि तिथून खाली दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नद्या, हा मूळ मुलूख. दिसायला बेताची. अंग राखाडी-हिरवट, पाठीवर काट्यांची रांग, आणि चेहऱ्यावर कायम 'माझं काही म्हणणं नाही' असा भाव. तो भाव खोटा नाही. तिचं काही म्हणणं असलंच तरी वर्षातले बरेच दिवस तिला ते मांडता येत नाही, कारण तोंडात पोरं असतात.

बाकी माशांचे संसार सुटसुटीत. रोहू आणि कतला पावसाळ्यात नदीला लोंढा आला की लाखांनी अंडी सोडतात आणि चालू लागतात. त्यातली किती फुटली, किती कुणी खाल्ली, याची चौकशी नाही. मरळ जरा बरी. ती पिल्लांच्या घोळक्यावर पहारा देते आणि जवळ येणाऱ्यावर धावून जाते. चिलापीची तऱ्हाच निराळी. ती अंडी शेकड्यांत घालते. अंगाने लहान असली तर शे-दोनशे, चांगली पोसलेली असली तर हजाराच्या वर. आणि घातल्याबरोबर, कुणाची दृष्ट लागायच्या आत, सगळीच्या सगळी उचलून तोंडात भरते.

भरली की हनुवटीखालची पिशवी अशी फुगते की गालगुंड झालंय असं वाटावं. पण नुसती भरून भागत नाही. अंडी सतत घोळवत ठेवावी लागतात, म्हणजे प्रत्येकाला ताजं पाणी मिळतं आणि बुरशी धरत नाही. त्यामुळे बाईंचा जबडा अष्टौप्रहर हलता. तीन ते पाच दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं पोटाला पिवळ्या बलकाची शिदोरी बांधूनच बाहेर पडतात, म्हणजे अंड्याच्या बाहेर. तोंडाच्या बाहेर पडायला अजून अवकाश असतो. शिदोरी संपेपर्यंत मुक्काम तिथेच. असे सगळे मिळून दहा ते चौदा दिवस. एवढा काळ आई जवळजवळ उपाशी. घास घ्यायचा तर तो गिळताना सोबत कोण जाईल याचा नेम नाही. आईने तोंडचा घास काढून पोराला भरवला की आपल्याकडे त्यावर एक चित्रपट निघतो. चिलापीच्या तोंडात घासाला जागाच नसते, त्यामुळे चित्रपटही नाही.

तोंडात ऐवज धरून दिवस काढण्याची साधना आपल्याकडेही आहे. पुणे, नगर, सोलापूर या पट्ट्यात मावा खाणारी मंडळी तोंड आभाळाकडे करून, ओठ मिटून, नुसत्या 'हुं' आणि 'उंहूं'वर जमिनीचे व्यवहार ठरवतात. समोरच्याने आग्रहाने प्रश्न विचारला तर डोळ्यांनी 'थांब' म्हणतात, कोपरा गाठतात, आणि मगच माणसात येतात. चिलापीचा चेहरा त्या काळात नेमका तसाच असतो. फरक इतकाच, की मावा खाणाऱ्याने तोंड मोकळं केलं तर भिंत रंगते, चिलापीने केलं तर तळं भरतं.

हे सगळं वाचून माझ्या अंगात जो उत्साह संचारला होता, तो मी भिगवणला मासे विकणाऱ्या एका मावशींसमोर मोकळा केला.

"मावशी, ही चिलापी पिल्लं तोंडात सांभाळते, ठाऊक आहे का तुम्हाला?"

मावशींनी हातातली सुरी खाली न ठेवता माझ्याकडे बघितलं. "दादा, जाळ्यातनं सोडवताना हातावर सांडत्यात की ती. रोजचंच हाय. साफ करून देऊ का तशीच नेताय?"

"पण आई एवढे दिवस उपाशी राहते. कमाल आहे, नाही?"

"हाय ना. पर लई भूक लागली की खाती बी पोरं. दुसरीची तर हमखास." मावशींनी खवले उडवायला सुरुवात केली. "पोटाम्होरं कोन कुनाचं?"

मावशी शंभर टक्के बरोबर होत्या. चिलापी संकटात सापडली, जाळ्यात अडकली, फार घाबरली, तर अंडी टाकून देते किंवा गिळते. आणि गर्दी झाली, खायला कमी पडलं, तर शेजारणीची पिल्लं हा तिला सोयीचा आहार वाटतो. मातृत्वावर लिहायला घेतलेला लेख तिथेच थोडा कोसळला. मी अर्धा किलो घेतली.

आता वडिलांकडे वळू. वडिलांचं काम म्हणजे खड्डा. विणीचा हंगाम आला की नर काळाभोर होतो, गळ्याखालचा भाग पांढरा पडतो, परांच्या कडा लाल होतात. असा नटून तो उथळ पाण्यात तळाची माती तोंडाने उपसतो आणि गोल, वाटीसारखा खड्डा तयार करतो. शेजारी दुसऱ्याचा खड्डा, पलीकडे तिसऱ्याचा. अशी खड्ड्यांची वसाहत उभी राहते आणि माद्या त्यातून फिरत, थांबत, नापसंती दाखवत पुढे जातात. कर्तृत्व खड्ड्यांवरून जोखायची ही रीत महाराष्ट्रातल्या मतदाराला समजावून सांगायची गरज नाही. एखादा खड्डा पसंत पडला की मादी उतरते, अंडी घालते, उचलते, फलन उरकतं, आणि ती भरल्या तोंडाने निघून जाते. वडील खड्ड्यातच. ते मागे वळून बघत नाहीत, कारण पुढची मादी यायची वेळ झालेली असते. बाळंतपण, उपास, जबडा हलवणं, पोरांची शाळा, यातलं एकही खातं त्यांच्याकडे नाही.

पण त्यांना अगदीच रिकामटेकडं म्हणू नये. पोर्तुगालमधल्या अल्गार्व विद्यापीठातल्या संशोधकांनी या नरांचा बारकाईने अभ्यास केला आणि एक गोष्ट उजेडात आणली. दबदबा असलेला नर आपली लघवी साठवून ठेवतो. त्याचं मूत्राशय दुबळ्या नरांपेक्षा मोठं आणि स्नायूंनी भक्कम असतं. प्रतिस्पर्धी समोर आला, किंवा अंडी घालायच्या बेतातली मादी जवळ आली, की तो ती थोडी थोडी सोडतो. तिच्यातल्या रसायनांवरून समोरच्याला कळतं की गाठ कुणाशी आहे. मग मारामारी बऱ्याचदा टळते आणि लग्न बऱ्याचदा जमतं. आपल्या शहरांत हे थांबवण्यासाठी भिंतीवर आधी विनंती लिहितात, मग दंडाची रक्कम लिहितात, आणि शेवटी नाइलाजाने सर्व धर्मांच्या देवांच्या टाइल्स बसवतात. चिलापीच्या समाजात हाच बायोडेटा. त्या भिंतीपाशी रोज थांबणाऱ्या गृहस्थांनाही आपण काहीतरी जाहीर करत आहोत असं मनातून वाटत असावं, अशी मला आता शंका येते.

ज्यांच्याकडे ना खड्डा ना मूत्राशय, त्यांनी काय करायचं? ते मादीचं सोंग घेतात. रंग फिका ठेवतात, मादीसारखे वागतात, आणि बड्या नराच्या खड्ड्यात बिनदिक्कत शिरतात. बडा नर काळा रंग आणि लाल किनारी मिरवत त्यांचं साग्रसंगीत प्रियाराधन करतो. तो तिकडे गुंतला, आणि खरी मादी अंडी घालायला उतरली, की सोंगाड्या आपला कार्यभाग साधून पसार. संगीत नाटकात पुरुषांनी स्त्रीभूमिका गाजवल्या, पण इतका थेट मोबदला कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

दोन आठवड्यांनी आईचं तोंड उघडतं आणि पिल्लं पाण्यात येतात. इथे संसार आटोपला असं वाटेल, पण अजून काही दिवस ती आईच्या तोंडासमोरच घुटमळतात आणि जरा कुठे सावली हलली की सगळीच्या सगळी परत आत. हे आत शिरणं कसं घडतं हे बघायला शास्त्रज्ञांनी नकली आई बनवली. पिल्लांनी तिचा नाकीडोळी नीटसपणा तपासला नाही. खालच्या बाजूला काळा ठिपका दिसला की त्याकडे झेप घ्यायची, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणजे संकटसमयी आई म्हणजे एक अंधारी जागा. कवींनी मातृत्वाचं जे वर्णन केलं आहे, त्याच्या मानाने हे फारच आटोपशीर झालं; पण पिल्लू जगतं, आणि कवितेवर अद्याप कुणी पिल्लू जगल्याचं दिसत नाही.

या सुरक्षित अंधारावरही डल्ला मारणारे आहेत. तेही आफ्रिकेतलेच, टांगानिका सरोवरातले. तिथे चिलापीच्याच गोतावळ्यातले, तोंडात पोरं वाढवणारे मासे आहेत, आणि अंगावर काळे ठिपके मिरवणारा एक मिशीवाला मासाही आहे. ही मिशीवाली जोडी दुसऱ्याच्या ऐन प्रसूतीच्या वेळी मधे घुसते, चार अंडी खाते, आपली चार टाकते आणि निघून जाते. आई बिचारी घाईघाईत सगळंच तोंडात भरते. मिशीवाल्यांची अंडी आधी फुटतात. मग ती पिल्लं तोंडातल्या तोंडात यजमानीणबाईंची खरी पोरं खातात आणि वेळ झाली की गुबगुबीत होऊन बाहेर पडतात. आपल्या कोकिळेवर आपण उगाच ठपका ठेवतो. ती निदान कावळिणीच्या घरट्यात अंडं ठेवते, तिच्या तोंडात नाही.

चिलापी आफ्रिकेतून आपल्याकडे आली कशी? पोहत नाही. ती चालती झाली ती माणसांच्या हातून, बादलीबादलीने. तिचा पहिला मोठा मुक्काम जावा बेटावर. 1930 च्या दशकाच्या अखेरीला पूर्व जावातल्या ब्लितारजवळ, समुद्राला मिळणाऱ्या एका नदीच्या मुखाशी, मुजाइर नावाच्या गृहस्थांना हे अनोळखी मासे सापडले. मासे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मोझांबिकपासून जावापर्यंत ते कसे पोचले हे कोडं आजतागायत सुटलेलं नाही. मुजाइरांना एक खोड लक्षात आली: हे मासे पोरं तोंडात लपवतात. त्यांनी ते घरी आणले, खाऱ्या पाण्यात गोडं पाणी हळूहळू वाढवत त्यांना गोड्या पाण्याची सवय लावली, आणि तळी भरली. इंडोनेशियात आजही या माशाला मुजाइर म्हणतात. पुढे जपानी सैन्याने जावा घेतलं तेव्हा या माशाचा तिथे आणखी प्रसार झाला. आशियात पुढे पसरलेल्या चिलापींपैकी बहुतेकींचं कूळ या मूठभर माशांपर्यंत जाऊन पोचतं. आपल्याकडे सात पिढ्यांचा इतिहास सांगणारी घराणी आहेत. चिलापीला विचारलं तर ती सरळ त्या नदीचं मुख दाखवेल.

तैवानची कथा याहून सुरस. 1946 साली वू आणि कुओ आडनावाचे दोन तरुण युद्धातून घरी परतताना सिंगापूरहून या माशाची पिल्लं लपवून घेऊन गेले. वाटेत बरीच मेली, तेरा जगली. त्या तेरांवर तैवानची तळी भरली आणि माशाचं नावच वू-कुओ पडलं. युद्धावरून परतणारी माणसं जखमा आणतात, पदकं आणतात. यांनी पिल्लं आणली, आणि पदकांपेक्षा ती टिकली.

तिची मोठी बहीण, नाईलची चिलापी, हिचे प्रवास जरा वरच्या वर्गातून झाले. तीही पोरं तोंडातच वाढवते. प्राचीन इजिप्तमध्ये लोकांनी बघितलं की मासोळीच्या तोंडातून जिवंत पिल्लं बाहेर येतात, आणि त्यांनी तिला पुनर्जन्माची खूण मानलं. तिच्या आकाराची ताईतं केली. 1965 साली जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांनी थायलंडचे राजे भूमिबोल यांना नाईलच्या 50 चिलापी भेट पाठवल्या. त्या राजवाड्याच्या तळ्यात वाढल्या आणि तिथून देशभर वाटल्या गेल्या. आज थायलंडमध्ये हा घरोघरचा मासा आहे. अकिहितो स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ. याच युवराजांनी 1960 साली अमेरिकेहून ब्लूगिल नावाचा दुसरा एक मासा जपानला आणला होता. तो तिथल्या सरोवरांत एवढा माजला की 2007 मध्ये, सम्राट असताना, त्यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. एकाच माणसाच्या हाताने एक मासा आशीर्वाद ठरला आणि दुसरा डोकेदुखी. भेटवस्तू देताना आपण मिठाईवर भागवतो ते बरंच आहे.

भारतात मोझांबिकची चिलापी 1952 साली आली. देश नवा होता, धान्याची टंचाई होती, स्वस्त प्रथिनं हवी होती. ही चिलापी काहीही खाते, कुठेही जगते, गढूळ पाण्यात, कमी प्राणवायूत, खाऱ्यात, गोड्यात, आणि पोरं स्वतः सांभाळते. सरकारी योजनेला याहून आदर्श लाभार्थी कोण मिळणार? दक्षिणेतल्या तलावांत आणि जलाशयांत ती सोडली गेली. सात वर्षांत तिने असं काही दाखवलं की 1959 साली मत्स्य संशोधन समितीने तिचा प्रसार थांबवायचं ठरवलं. ठराव झाला, नोंदवला गेला, सगळ्यांना कळवला गेला. चिलापीला तेवढा कळला नाही. आज ती मुळा-मुठेत आहे, पवईत आहे आणि उजनीत तर आहेच. जावाने तिला मुजाइरांचं नाव दिलं, तैवानने दोघांचं. आपल्याकडे तिला आणण्याचं श्रेय कुणाच्याही नावावर नाही, आणि यात मला आपल्या कार्यालयीन शहाणपणाची परिसीमा दिसते. फाईलवर सही कुणाची ते कळत नाही, मासा मात्र सगळीकडे.

खरं तर उजनीत तिचं एवढं फावलं त्याचं कारण उजनीच आहे. रोहू आणि कतल्याला वीण करायला वाहती नदी लागते, पावसाळ्याचा पूर लागतो. भीमा अडवली, 1980 मध्ये धरण पुरं झालं, पाणी थांबलं. मागच्या गावांतली शेतं बुडाली आणि काहींनी नांगर ठेवून होडी धरली. थांबलेल्या पाण्यात रोहू-कतला हवा असेल तर दरवर्षी बोटुकली आणा, मोजा, सोडा, निधी मंजूर करून घ्या. चिलापीला यातलं काही लागत नाही. तिला उथळ, उबदार, थांबलेलं पाणी लागतं, आणि धरण म्हणजे तेच. अंड्यापासून पिल्लापर्यंतची सगळी खाती ती तोंडातच सांभाळते. ऊब असली की महिना-सव्वा महिन्याने पुन्हा वीण. गर्दी झाली तर ती थांबत नाही, अंग आखडून घेते: तळहाताएवढी असतानाच वयात येते आणि संसाराला लागते. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत जे झालं ते तिने तळ्यात केलं. तळं भरतं, पण ताट भरेल अशी एक मिळत नाही.

नुकसान होतं, हे नाकारून चालणार नाही. ती दुसऱ्यांची अंडी खाते, तळ उकरते, बाकीच्यांचं दाणापाणी आणि जागा बळकावते. जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर परक्या जीवांची एक यादी आहे, तीत तिचं नाव आहे. माझं मत विचाराल तर आरोप सगळे खरे आहेत, पण आरोपी आमंत्रणपत्रिका दाखवू शकते.

कोकणातल्या माणसाला हा वादच फिजूल वाटतो. रत्नागिरीकडचे आमचे एक काका गोड्या पाण्यातल्या माशाला मासा मानत नाहीत. त्यांच्या मते ती पोहणारी भाजी आहे. चिलापीचं नाव काढलं की "चिखल लागतो रे तिला" असं म्हणून ते पाण्याने चूळ भरतात, न खाताच. तोंडात पोरं वाढवण्याचा प्रकार मी त्यांना सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा आणखी वाकडा झाला. "शी! तोंडात? आमच्या समुद्रात असले धंदे नाहीत."

"काका, शिंगाळा खाता ना?"

"खातो म्हणजे? त्याचं तिखलं कधी जेवलायस?"

"तो शिंगाळाही अंडी तोंडातच ठेवतो. एकेक गोटीएवढं. आणि तेही आई नाही, बाप ठेवतो. आई अंडी घालून मोकळी. पिल्लं होईपर्यंत बाप उपाशी."

काकांनी हे बराच वेळ मनात घोळवलं. काकूही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर शिंगाळ्याविषयी एकदम आदर उमटला होता. शेवटी काका म्हणाले, "पण तो खाऱ्या पाण्यातला." आणि विषय संपला.

इकडे शास्त्रज्ञांनी चिलापीच्या संसारावर तोडगा काढला आहे. सगळा घोळ वीण होते म्हणून. शिवाय मादीची ताकद पोरांत जाते, ती वाढत नाही. मग तळ्यात माद्याच नकोत. बीज केंद्रात आईच्या तोंडातून अंडी काढून घेतात आणि गोल बुडाच्या बरण्यांत घालून खालून पाणी सोडतात. बरणी ती अंडी अगदी आईसारखी घोळवते, आणि तिला भूकही लागत नाही. पिल्लं झाली की पहिले तीन-चार आठवडे खाद्यातून नराचं संप्रेरक देतात. झाले सगळे नर. नाईलच्या चिलापीच्या सुधारित जाती अशा पद्धतीने वाढवतात. आपल्याकडेही 2009 मध्ये केंद्राने यासाठी नियम आखून दिले. मासा भराभर वाढतो, व्यवहार फायद्याचा होतो. पण त्या तळ्याचं चित्र डोळ्यांसमोर आणून बघा. हजारो नवरे. कोणी काळाभोर होऊन, लाल किनारी लावून हिंडतोय. कोणी खड्डा खणतोय. कोणी मूत्राशय सांभाळून दबदबा निर्माण करतोय. आणि सोंगाड्यांची तर पंचाईतच, कारण ज्या घरात खरी मादीच नाही तिथे सोंग घेऊन साधणार काय?

या सगळ्यात एक गंमत राहून जाते. जगभर जिच्या नावाने बोटं मोडतात ती मोझांबिकची चिलापी खुद्द आपल्या माहेरी अडचणीत आहे. 2019 पासून आंतरराष्ट्रीय यादीत तिची नोंद असुरक्षित जातींत झाली आहे. कारण? नाईलची बहीण. मत्स्यशेतीसाठी माणसांनीच तिला लिंपोपोच्या खोऱ्यात आणली, ती तळ्यांतून सुटली, नदीत शिरली आणि घरच्या चिलापीशी तिचा संकर सुरू झाला. आता शुद्ध मोझांबिकी चिलापी शोधायला तिथल्या शास्त्रज्ञांना उपनद्या धुंडाळाव्या लागतात, आणि सापडली की तिची जनुकं तपासावी लागतात.

हे मी भिगवणच्या मावशींना सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सुरी खाली ठेवली.

"म्हंजी तिकडं कमी पडायली होय?"

"हो."

"मग न्या म्हनावं की हितनं. टेंपो भरून देतो. पैसं बी नकोत." आणि मग जरा विचार करून, "पर वाटंत कुटं तळ्याकाठी च्या प्यायला थांबू नगा म्हनावं."